भाऊजींची हिरवी काठी

पत्र

आमच्या सोसायटीतली पंधरा-वीस मंडळी हिवाळ्यात अमावास्येच्या जवळच्या शनिवारी मुरबाडकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर आकाशदर्शनाला जातात. ठरवाठरवी माझ्याकडे असते. या वेळी माझे मोठे दीरही आले. नुकतेच निवृत्त झालेत, उत्साह दांडगा. येताना त्यांनी ऑनलाइन मागवलेला हिरवा लेझर आणला. किल्ली लावून चालू करायचा, टोकाला फिरवायची नक्षीची टोपी. आल्याआल्या त्यांनी मुलांना त्यानं काडेपेटीतली काडी पेटवून दाखवली, आणि मग रात्रभर तो झोत आभाळात फिरत होता. कोणी काही दाखवायला लागलं की भाऊजींचा झोत आधीच तिथे. आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा फोटो काढत होता, तो सगळ्यांसमोर ओरडला, "काका, अक्कल आहे का?" भाऊजी गर्रकन वळले आणि झोत शेजारच्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडावरून गेला. ती म्हणाली, हिरवा ठिपका दिसतोय. थोड्या वेळानं गेला म्हणाली. भाऊजी जाऊन गाडीत बसले ते पहाटेपर्यंत बाहेर आले नाहीत. आता म्हणतात, "लहानपणी गावाला खळ्यावर झोपून आम्ही सगळी नक्षत्रं ओळखायचो, मला शिकवू नका." ग्रुपवर काही जण लेझरबंदी करा म्हणतात. आमचे हे म्हणतात, दादाला मी काही बोलणार नाही. मी काय करू? आणि लेझर खरंच एवढा वाईट असतो का? सगळीकडे तर वापरतात.

– एक धाकटी सून, ठाणे

उत्तर

ताई,

भाऊजींचा राग चार दिवस थांबेल. आधी त्या मुलीचं बघू.

ठिपका गेला म्हणाली हे बरंच झालं, पण तेवढ्यावर विसंबू नका. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. तिथे भाजलं तरी डोळा दुखत नाही, लाल होत नाही. शिवाय एका डोळ्यात काही उणं झालं तर दुसरा सांभाळून घेतो आणि मुलांच्या ते लक्षातही येत नाही. तिच्या आईबाबांना सांगा, एकेक डोळा झाकून तिला वर्तमानपत्र वाचायला द्या. ओळीतलं एखादं अक्षर पुसट होतं का, खिडकीचे गज वाकडे दिसतात का, विचारा. आणि यात काही आढळो वा न आढळो, नेत्रतज्ज्ञांकडे नेऊन एकदा पडदा तपासून घ्या. एरवी मी इतका आग्रह धरला नसता. धरतोय तो त्या काडेपेटीमुळे.

तारे दाखवायचा लेझर ५ मिलिवॉटच्या आतला असतो. त्यानं काडी पेटत नाही. पेटली, याचा अर्थ भाऊजींच्या हातात होतं ते त्याच्या कितीतरी पट ताकदीचं काहीतरी होतं, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो. या स्वस्त यंत्रांवर ५ चा आकडा बेधडक छापलेला असतो. झगझगीत उजेड पडला की आपण पापणी मिटतो, पण त्याला साधारण पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदाच्या भरवशावर ज्याला निर्धोक म्हणता येतं तो लेझर १ मिलिवॉटचा. ५ चासुद्धा थेट डोळ्यात जाऊ द्यायचा नसतो. त्याच्या पुढच्याला पापणी पुरी पडत नाही.

हिरव्याचं आणखी एक गौडबंगाल आहे, ते विकणारा सांगत नाही. यातल्या बहुतेक लेझरांमध्ये हिरवा प्रकाश मुळात हिरवा जन्मालाच येत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा डायोड असतो, तो एका स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश काढतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा देतो. उरलेला अवरक्त अडवायला पुढे एक गाळणी हवी. पैसे वाचवायचे म्हणून काही जण ती गाळणीच बसवत नाहीत. मग हिरव्याबरोबर न दिसणारा झोतही बाहेर पडतो, आणि जो दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असा एक स्वस्त पॉइंटर मोजला, तेव्हा हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त अवरक्त बाहेर पडताना सापडला. थंडीत तर हिरवा मंदावतो, म्हणजे "सेल उतरलाय वाटतं" म्हणून पुढून डोकावून बघायचा मोह नेमका तेव्हाच होतो. मुरबाडची जानेवारीतली पहाट तुम्ही अनुभवली आहेच.

लेझरनं डोळ्याचं काय होतं हे आपल्याकडे लोकांना कळलं ते मिरवणुकांमुळे. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण डॉक्टरांकडे आले आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुण्याच्या पोलिसांनी लेझरच्या झोतांवर बंदी घातली. भाऊजींनी ते वाचलं असणार. मिरवणुकीतला मोठा झोत आणि आपल्या खिशातली कांडी यांचा काही संबंध असेल, हे मात्र कोणाच्याच मनात येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लेझर वाईट असतो का? नाही हो. मी पंचवीस वर्षं लोकांना आकाश दाखवतोय आणि बरा लेझर पहिल्यांदा हातात आला त्या रात्री मी आनंदानं जवळजवळ नाचलो होतो.

त्याआधी आमच्याकडे पाच सेलची बॅटरी असायची. तिचा झोत आभाळात टाकायचा आणि "त्या झोताच्या टोकाशी" म्हणायचं. टोक कुठे आहे यावर वाद. बोटानं दाखवलं तर आणखी पंचाईत, कारण माझं बोट माझ्या डोळ्याच्या रेषेत असतं, तुमच्या नाही. चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला तेच बोट भलतीकडे दाखवतं. म्हणून मग एकेकाच्या मागे उभं राहून, खांद्यावरून हात पुढे काढून दाखवायचं. वीस माणसं म्हणजे वीस खांदे.

लेझरचा झोत हवेतल्या कणांवर, धुळीवर, दवावर विखुरत वर जातो आणि आपल्याला एक हिरवी काठी दिसते. ती इतकी दूरवर जाते की मैदानात कुठेही उभे असा, तिचं टोक तुम्हाला त्याच ताऱ्यापाशी टेकलेलं दिसतं. हिरवाच का, तर आपला डोळा हिरव्याला सगळ्यात हळवा, आणि हवा लालपेक्षा हिरवा प्रकाश दुपटीहून जास्त विखुरते. तेवढ्याच ताकदीच्या लाल लेझरची काठी जेमतेम दिसेल. कमी ताकदीचा हिरवा पुरतो तो यामुळेच. आणि एका काठीचं टोक सगळ्यांना एकाच जागी दिसतं म्हटल्यावर दुसऱ्या काठीची गरजच काय? आकाशात दोन काठ्या आल्या की कोणाचं ऐकायचं ते कळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये दोन माइक चालू असल्यासारखं होतं.

तुमच्या ग्रुपला मी माइकचाच नियम सुचवेन. जो बोलतोय त्याच्या हातात लेझर, त्याचं बोलणं संपलं की लेझर खिशात. दुसऱ्याला दाखवायचं असेल तर मागून घ्यावा. लावण्याआधी "लेझर" एवढा एक शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि दोन क्षण थांबायचं. ज्याचा फोटो चालू आहे तो "थांबा" म्हणेल, दुर्बिणीला डोळा लावून बसलेला जरा बाजूला होईल, आणि बोलणारा तेवढ्यात आभाळभर नजर फिरवून विमान नाही ना ते बघेल. बटण दाबून धरलं तरच चालू राहणारा लेझर घ्या. एकदा दाबला की चालूच राहणारा हातातून पडतो तेव्हा गवतात लोळत सगळ्यांचे पाय आणि डोळे धुंडाळतो. कांडी नेहमी डोक्याच्या वर धरून लावायची आणि खाली आणण्याआधी बंद करायची. दुर्बिणीच्या नळीच्या आसपास झोत न्यायचा नाही, कारण आत आरसा आहे आणि पलीकडे कोणाचा तरी डोळा. मुलांच्या हातात द्यायचा नाही. आजोबा शेजारी उभे आहेत ही सबब चालायची नाही.

विमानाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः शेण खाल्लंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका किल्ल्याच्या पठारावर मी शाळेतल्या मुलांना वसंतातलं आकाश दाखवत होतो. पश्चिमेला एक ठळक, पिवळसर, स्थिर ठिपका होता. मी लेझर लावला आणि ऐटीत म्हणालो, "लुकलुकत नाही, म्हणजे ग्रह." पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, तो मोठा होतोय." समोरून सरळ आपल्याकडे येणारं विमान हलताना दिसत नाही. त्याचे उतरायचे दिवे एखाद्या ग्रहासारखे शांत तेवत असतात. मी बटण सोडलं तोवर किती सेकंद गेले होते कोण जाणे. पुढे काही झालं नाही. पण त्या मुलाच्या "मोठा होतोय"नं अजून माझा अंगठा बटणावर जाताना थबकतो.

जमिनीवर पेन्सिलीएवढा दिसणारा झोत वर जाताना पसरत जातो, किलोमीटरमागे साधारण मीटरभर. दहा किलोमीटरवर तो दहा मीटर रुंद झालेला असतो. विमानापर्यंत पोचतो तोवर त्याचा ठिपका उरलेला नसतो, एक मोठा हिरवा पडदा झालेला असतो. कॉकपिटच्या काचेवरच्या ओरखड्यांवर तो उजेड फुटतो आणि अंधाराला सरावलेल्या वैमानिकाला नेमकं उतरायच्या वेळी पुढचं दिसेनासं होतं. विमानतळांच्या आसपास लेझर लावायला मनाई करणारे आदेश पोलीस वरचेवर काढतात ते काही उगाच नाही. ठाणे जिल्ह्यातलं आकाश म्हणजे मुंबईला उतरणाऱ्या विमानांचं अंगण, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचीही विमानं सुरू झाली आहेत. भाऊजींचा लेझर रात्रभर फिरत होता म्हणता. तेवढ्या रात्रीत किती विमानं गेली ते कोणी मोजलं नसेल.

आता जरा तुमच्या ग्रुपबद्दल बोलू का? रागावू नका.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगतो की त्या रात्री किमान दहा मोबाइल अधूनमधून पेटत होते. चप्पल शोधायला टॉर्च, पाण्याची बाटली शोधायला टॉर्च, आणि कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो टाकत होतंच. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झगाऱ्यानं ती मोडते. वर जाणारा लेझर बाजूनं बघणाऱ्याची नजर तेवढी बिघडवत नाही. तो झाडावर, तंबूवर, गाडीच्या काचेवर आपटला तर गोष्ट वेगळी. त्यामुळे फक्त लेझरबंदी करून मोबाइल मोकळे सोडलेत, तर भाऊजी म्हणतील नियम माझ्यासाठीच केलाय, आणि त्यांचं चूक नसेल. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायला सांगा. दोन रबरबँड आणि स्टेशनरीच्या दुकानातला कागद, एवढाच खर्च.

फोटोवाल्या मुलाचंही तसंच. त्याची चिडचिड मला कळते. तीन मिनिटांच्या फ्रेमवर एक हिरवी रेघ उठली की ती फ्रेम गेली. पण आकाशाचे फोटो काढणारे अशा वीस-तीस फ्रेम घेऊन एकत्र करतात, त्यातली एक टाकून देता येते. झोत सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात शिरला तर आतला सेन्सर जळू शकतो, त्याबद्दल तो ओरडला असता तर मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. तरीही साठीच्या माणसाची अक्कल वीस जणांसमोर काढायची नसते. त्याला सांगा, पुढच्या वेळी मैदानाच्या कडेला बसायचं, फोटो सुरू करताना सगळ्यांना सांगायचं, आणि लॅपटॉपचा पडदा झाकायचा. लॅपटॉपचा उजेड स्वतःला दिसत नाही, बाकीच्यांना दिसतो. आणि त्यानं भाऊजींना फोन करायचा. मेसेज नको, फोन.

राहिले भाऊजी.

यजमानांच्या मागे लागू नका. मोठ्या भावाला बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, ते त्यांचं. आकाशदर्शन तुम्ही भरवता, तेव्हा बोलायचंही तुम्हीच. ग्रुपवर नाही, नियमावलीची पीडीएफ पाठवून तर मुळीच नाही. एखाद्या दुपारी त्यांच्याकडे जा, जाऊबाई घरात असताना जा, चहा होऊ दे. सुरुवात मुलीच्या डोळ्यापासून करा, कारण ती त्यांना टाळता येणार नाही: "भाऊजी, तिला डॉक्टरांना दाखवलं" आणि डॉक्टर जे म्हणाले असतील ते. माझा अंदाज आहे की हा घोर त्यांच्या जिवाला त्या रात्रीपासूनच लागलेला आहे. गाडीत पहाटेपर्यंत बसलेला माणूस नुसता रागावलेला नसतो. मग काडेपेटीचं सांगा. "तुम्हाला विकणाऱ्यानं फसवलं, हा पॉइंटर नाहीच" हे वाक्य त्यांना घेता येईल. "तुम्ही निष्काळजी आहात" हे घेता येणार नाही. दोन्ही खरी आहेत, पण काम पहिल्यानं होईल.

तो लेझर मात्र पुन्हा शेतावर यायचा नाही. यात तडजोड नको, मानपान नको. त्यातला सेल काढून वेगळा ठेवायला सांगा आणि किल्ली घरातल्या नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी ठेवू द्या. ई-कचरा गोळा करणारे आले की देऊन टाकायचा. "घरी गच्चीतून लावतो" असं म्हणाले तर ठाण्याच्या आकाशातली विमानं दाखवा. ती शोधावी लागत नाहीत.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मला तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. खळ्यावर झोपून नक्षत्रं ओळखणारा माणूस तुमच्या ग्रुपमध्ये आणखी कोण आहे? बाकीच्यांनी आकाश मोबाइलच्या ॲपवर ओळखलंय. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच वीस जणांसमोर काही दाखवायची संधी आली आणि खळ्यावरचं ज्ञान जुनाट वाटेल म्हणून त्यांनी चमकदार वस्तू विकत आणली, असं मला आपलं वाटतं. चुकत असेन. पण विचारून बघा: "भाऊजी, पुढच्या वेळी पहिला अर्धा तास तुमचा. लेझरशिवाय."

हे कसं जमतं ते त्यांना सांगायची गरज पडणार नाही, तुमच्यासाठी लिहितो. जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला मृग चांगला वर आलेला असतो. त्याच्या पोटातला बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे, लहान मूलही शोधतं. त्या ओळीची रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी. तीच रेघ वरच्या बाजूला नेली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. चार खुणा झाल्या आणि लेझर खिशातच. बाण मारणारा व्याध, बाण लागलेला मृग, ही गोष्ट भाऊजींना माझ्याहून रंगवून सांगता येईल. अंतर दाखवायला मूठ आहे. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते, आणि लहान मुलाचा हात आखूड तशी मूठही लहान, त्यामुळे हे माप सगळ्यांना जवळपास सारखंच लागू पडतं.

रात्री अकराच्या आसपास व्याध दक्षिणेला आला की त्याच्या बराच खाली आणखी एक ठळक तारा दिसेल. तो अगस्त्य. आपल्याकडून तो क्षितिजापासून अठरा अंशांच्या वर कधी जात नाही, म्हणजे दोन मुठीसुद्धा भरत नाहीत. त्याला लेझर लावायचा म्हणजे झोत जवळजवळ आडवा जाणार, समोरच्या टेकडीवरच्या पाड्याच्या अंगावर. तेव्हा तुमच्याकडे ५ मिलिवॉटचा चांगला लेझर असला तरी अगस्त्याच्या वेळी तो बंद, आणि दाखवायचं काम भाऊजींच्या मुठींवर सोपवा. त्या नऊ वर्षांच्या मुलीचे आईबाबा तयार असतील तर तिला पहिल्या रांगेत बसवा.